लाल मातीचं स्थळ

सोलापूर,
रविवार

श्री. मानसिंगराव पाहुणे यांना जोतिरामचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी श्रीपूरहून पाठवलेला काकवीचा डबा पोचला (म्हणजे अर्धा पोचला, उरलेला एसटीनं ठेवून घेतला). गाळप सुरू झाल्यावर तुम्हाला कारखान्यातून मान वर करायलाही सवड नसते हे जाणून आहे, तरी पत्रच लिहितोय. फोन करावा तर तुमची बहीण शेजारी बसून माझी वाक्यं स्वतःच पुरी करते.

विषय तुम्ही सुचवलेल्या स्थळाचा. मुलगा अजिनाथ गुरुवारी आईवडिलांना घेऊन आमची प्रियदर्शनी पाहून गेला. मुलगा नम्र आहे, पोहे दोनदा मागून खाल्ले. काय करता, असं मी रिवाजाप्रमाणे विचारलं, तर म्हणाला, लाल मातीच्या धंद्यात आहे. झालं! आमच्या बजाआक्का (माझी थोरली बहीण, कानानं थोडी कमी, आवाजानं भरपूर) तिथंच म्हणाल्या, "लाल माती? मंजी माळच की! तितं हुलगाबी यायचा न्हाय. आमची पोरगी काळ्या रानातली हाय बाबा." मुलाच्या आईला वाटलं, मुलीच्या रंगाचं चाललंय. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "आमाला रंगाचं कायबी न्हाय." तुमच्या बहिणीचा चेहरा तेव्हापासून उतरलाय तो उतरलेलाच आहे.

शेवटी उलगडा झाला तो असा. या मातीतून निकेल काढतात, आणि मुलगा इंडोनेशियातल्या एका बेटावर तसल्या भट्टीवर इंजिनियर आहे. आता तुमची भाची पुण्यात बॅटरीच्या कंपनीत कच्चा माल खरेदी करते, त्यामुळे ती जी सरसावून बसली, ती पोह्यांचा दगड होईपर्यंत उठली नाही. मला कळलं तेवढं सांगतो (मी मोटार वायंडिंगवाला, माझा संबंध तांब्याशी). निकेलचं खनिज दोन जातींचं. एक गंधकाचं, बहुतेक खोल कातळात सापडणारं. त्याला भट्टीत कोळसा कमी लागतो. दुसरी ही लाल माती, कोकणातल्या जांभ्याच्या गोतातली. ती वरच असते, पण ती खणायची तर तिच्यावरचं जंगल आधी साफ करावं लागतं, आणि वितळवायला कोळसा ढिगानं जाळावा लागतो. पूर्वी मातीचं निकेल बहुतेक स्टीलमध्ये जायचं आणि बॅटरीला गंधकाचं लागायचं. आता मातीवर आम्लाचा प्रयोग करून बॅटरीजोगं निकेलही काढतात, मग मागं उरलेला चिखल कुठं टाकायचा ही नवी डोकेदुखी.

प्रियदर्शनीचं म्हणणं, युरोपातलं गिऱ्हाईक आता किती धूर झाला, किती झाडं गेली, सगळं विचारतं. म्हणून स्वच्छ, म्हणजे गंधकाच्या, खनिजाची मागणी वाढणार. अजिनाथ म्हणाला, विचारतात सगळे, पण चार पैसे जादा कोण देतं? गंधकाच्या खाणी परवडत नाहीत म्हणून बंद पडताहेत आणि आमच्या भट्ट्या थंड व्हायला तयार नाहीत. मग तिनं चिखल कुठं टाकता, गावात पाणी कसलं पितात, जंगल किती उरलंय, असं एकेक विचारून त्याला पार घामाघूम केलं. त्याचे वडील मध्येच मला म्हणाले, पोरं चांगलीच बोलायला लागली की. मी मान हलवली.

तर पाहुणे, माझा नकार आहे. तो तुम्ही गोड शब्दांत कळवा. जंगल तोडून आलेलं अन्न आमच्या मुलीला पचायचं नाही, असं सांगा. (दुकानाची पाटी दिसावी म्हणून मी लिंब तोडला होता, ते काढू नका. तुमच्या कारखान्याच्या धुराड्याबद्दलही मी बोलत नाही, ते घरचं धुराडं.) या वयात मला पर्यावरणाचा पुळका आलाय असं समजा.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचा,
जोतिराम

ता. क. तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. जंगलाचं मला खरंच वाईट वाटलं, पण नकार त्यासाठी नाही. एकुलती एक पोर त्या बेटावर जाऊन बसेल, मग तिला ताप आला तरी मला दुसऱ्या दिवशी कळणार. मला ते सोसायचं नाही. तुमच्या बहिणीला यातलं काही बोलू नका, ती मला धीराचा समजते.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन आला. तिची कंपनी स्वस्त पडतं म्हणून लाल मातीचंच निकेल घेणार आहे, पण गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी जंगल आणि चिखलावर नजर ठेवायला आपलं माणूस तिथं बसवणार आहे. ते माणूस म्हणजे ती, आणि बेट तेच. दोन वर्षांसाठी जातेय. हो म्हणूनही मोकळी झाली. गुरुवारी ती भांडत नव्हती, माहिती काढत होती. मुलगा तिला बरा वाटला, पण त्यानं तिला कळवलंय की आपल्या आईवडिलांजवळ राहायचं म्हणून तो राजीनामा देऊन कायमचा इकडे येतोय.

तेव्हा पाहुणे, नकार कळवू नका. आजच्या आज त्याच्या घरी जा आणि राजीनामा मागे घेता येतो का, तेवढं विचारा.