बादलीतले हात

९ डिसेंबर

यंदा भेटवस्तूंवर एक पैही खर्च करायची नाही! नवऱ्याचा पगार निम्म्यावर आलाय, आणि सुट्टीत मोठे दीर-जाऊबाई येणार. गेल्या वर्षी जाऊबाईंनी मला उंची घड्याळ दिलं. मी त्यांना टॉवेलचा जोड! त्यांनी त्याचं इतकं कौतुक केलं की धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर

युक्ती सापडली! आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये दातांचे साचे घ्यायची जुनी पावडर टाकून देणार होते. मागून आणली. ती बादलीभर पाण्यात कालवायची, सासूबाई आणि मामंजींनी हातात हात घालून त्यात बुडवायचे, साचा घट्ट झाला की त्यात प्लॅस्टर ओतायचं. दिरांना त्यांच्या आईवडिलांचे हात! पैशानं मिळणार नाही अशी भेट — आणि पैसेही लागणार नाहीत.

नवरा म्हणाला, "छान. पण ते दोघं एकमेकांचा हात धरणार?"

हे विसरलेच होते. मामंजींनी न विचारता सासूबाईंचं शिलाई मशीन भंगारात दिलं, तेव्हापासून अबोला. "त्यांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, दिसतोय." मधलं पोस्ट ऑफिस मी.

१३ डिसेंबर

मोठ्या मुलासाठी म्हटल्यावर सासूबाई विरघळल्या. मामंजी म्हणाले, "हात धरतो. बोलणार नाही."

१४ डिसेंबर

पावडर जुनी, घट्ट व्हायचं नाव घेईना! दोघं बादलीत हात घालून समोरासमोर. "हललात तर साचा बिघडेल," मी दम भरला.

मामंजींच्या नाकाला खाज सुटली. चेहरा वाकडातिकडा. शेवटी सासूबाईंनीच मोकळ्या हातानं खाजवलं. "इथं?" "जरा वर." मामंजींचाही एक हात मोकळाच होता.

मग मशीनचा विषय निघाला. "मला विचारलं का नाहीत?"

"नजर अधू झाल्यापासून रोज त्याच्यापुढं बसून रडायचीस. मला बघवेना."

साचा कधीच घट्ट झाला होता. मी सांगितलं नाही.

१६ डिसेंबर

हात झकास निघाले — करंगळीचं नखसुद्धा उमटलंय. पण सासूबाई म्हणतात, "हे कुणाला द्यायचं नाही. आमच्या खोलीत राहील." मामंजी: "बरोबर बोलतेय ती." झाली युती! मी मुकाट बाजारात. चहाचा सेट आणला. नवऱ्याला किंमत सांगितलेली नाही.

१९ डिसेंबर

सासूबाई-मामंजी बॅग भरून समुद्रावर गेले. दोघंच! "मोठा येईल, त्याला तू बघ." बघ म्हणे!

२० डिसेंबर

जाऊबाईंना फोन केला — ते दोघं नाहीत, तरी तुम्ही या, आणि खरंच काही आणू नका. त्या म्हणाल्या, "आमचं दुकान बंद झालं गं, मार्चमध्येच. तुला काय द्यायचं या काळजीनं यंदा येऊच नये असं ठरवत होतो."

मी म्हटलं, तांदूळ आहेत, अंथरुणं आहेत. या.