अजगर जेवला

योरिट,

तुझ्या नव्या अजगरानं आज पहिल्यांदा उंदीर गिळला. मी त्याच्या पेटीवर चादर टाकली, फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात ऊबदार करून आत ठेवला आणि त्याला एकटं सोडलं. तू त्याला सारखा हातात घ्यायचास, म्हणून बिचारा घाबरून उपाशी राहत होता. आता दोन दिवस त्याला हात लावू नकोस.

ज्या आनलोतकडून तो आणलास, तिला रोज फोन करून, "अजून खात नाही गं," असं सांगायची आता गरज नाही. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात शेवटचं कधी बोललास, आठवून बघ.

मी आईकडे झ्वोलेला चाललेय. वाटाण्याचं सूप गरम करून घे. आणि आजही तिला फोन केलासच, तर निदान सापाचं निमित्त सांगू नकोस.

विल्मा