पत्ते न पाहता दुप्पट

शुक्रवार, दिवेलागण. रामघाट.

दमलोय. आज पुन्हा आमच्याकडे चिंचोक्यांवर पोकर. पाळी आली की यजमानाने पत्ते न पाहताच दुप्पट लावायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. पाहुण्यांचा मान म्हणे! विद्यापीठात संभाव्यता शिकवतो मी, मला कळत नाही? दुप्पट लावणारा फक्त पहिल्या फेरीत शेवटी बोलतो. पुढे जवळजवळ सगळ्यांच्या आधी. डाव मोठा होतो आणि फायदा सगळ्यांचं ऐकून बोलणाऱ्याचा, म्हणजे वाटपाच्या जागेवर बसलेल्याचा. आज तिथे धाकटा भाऊ माधव होता. माझे चिंचोके त्यानेच नेले.

मग आईचा विषय निघाला. पडल्यापासून तिला एकटं ठेवता येत नाही. कुणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "आमच्याकडे राहील." ताई म्हणाली, "बरं झालं." माधव सगळ्यांत शेवटी, "ठीकच आहे दादा, आमचा फ्लॅट तर छोटा आहे."

ते गेल्यावर माझी बायको सुमती चिंचोके गोळा करत होती. "मला विचारलंत?" एवढंच म्हणाली. शाळेची नोकरी करून आईचं सगळं करणार कोण, तीच ना?

पत्ते न पाहता लावलं खरं. पण जे लावलं ते माझं नव्हतंच.