जंगल बंद आहे

प्रिय रामीरो,

रविवारी फोनवर तू विचारलेल्या गोष्टी आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहायला हात मोकळा होईल. केबिन तीच मिळतेय, वरच्या जंगलातली, ओढ्याकाठची, हिरव्या पत्र्याची. वीस जुलैपासून आठ दिवस. पोरांसाठी जाड स्वेटर आण. ह्यूस्टनच्या उकाड्यात तुझ्या दिनाला खरं वाटणार नाही, पण नऊ हजार फुटांवर जुलैतही पहाटे तोंडातून वाफ निघते. पहिल्या दिवशी पोरांना पळू देऊ नकोस, नुसतं पाणी पाजत राहा. विरळ हवेत डोकं धरतं, उलट्या होतात. खाण्याची एकही वस्तू अंगणात ठेवायची नाही, अस्वलं येतात. बाहेर शेकोटी पेटवायला या वर्षीही मनाई असणार, पण आतली लाकडाची चूल चालते.

त्या चुलीवर आई राजमा शिजत घालायची, आठवतं? त्या उंचीवर तो सकाळी ठेवला तरी संध्याकाळपर्यंत दाताखाली कचकचायचा. मी म्हणायचे, "आई, घरून शिजवून आणू या ना." ती म्हणायची, "मग वर कशाला जायचं, घरीच बस की." तू पोहोचेपर्यंत राजमा मऊ झालेला असायचा. तू नेहमी तिसऱ्या दिवशी यायचास. गाडीतून उतरायच्या आधीच आई दारात उभी असायची. "आला माझा रामीरो. ओफे, ताट घे." आधीचे दोन दिवस "ओफे, सरपण", "ओफे, पाणी" एवढंच चाललेलं असायचं. तू आलास की ती हसायला लागायची. पाइनच्या खोडाला नाक लावून तुझ्या पोरांना म्हणायची, "बघा, झाडाला केकचा वास येतो." मला तिनं तो वास कधी दाखवला नाही. मी आत भांडी घासत असायचे. हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. मागच्या जुलैत माझ्या मनात काय होतं, ते तुला कळावं म्हणून सांगतेय.

मागच्या वर्षी जूनमध्ये वणव्याच्या भीतीनं सगळं जंगल बंद केलं होतं, हे तुला माहीत आहे. आई रोज सकाळी नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीशी बसायची आणि विचारायची, "उघडलं का गं?" इथे टूसॉनमध्ये तेव्हा दुपारचा पारा एकशेदहा फॅरनहाइटच्या खाली येत नव्हता. डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. म्हणाले होते, दोन सिलिंडर जादा न्या, हळू चालवा, जाऊ दे त्यांना. मी यादी केली. सिलिंडर, गोळ्यांचा डबा, तिची कमोडची खुर्ची, तवा, तिचीच उशी, कारण दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही. ती यादी फ्रिजवर लावली आणि रोज येता-जाता वाचत राहिले. चार वर्षं मी तिचं सगळं करत होते, रामीरो. शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटून आले की दुसरी पाळी घरी सुरू. ती यादी वाचताना माझे पाय दुखायला लागायचे.

दहा जुलैला पाऊस झाला आणि जंगल उघडलं.

हो, उघडलं. रेडिओवर मी स्वतः ऐकलं, आई अंघोळीला बसली होती तेव्हा. तिला पुसून खिडकीशी आणून बसवली, तर तिनं विचारलं, "उघडलं का गं?" मी म्हणाले, "नाही आई, अजून बंदच आहे." आधीपासून ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. दोन दिवसांनी केबिन रद्द करायला फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, "अहो, उघडलंय की, लोक यायला लागलेत." मी म्हणाले, घरी आजारपण आहे. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, तुलाही मी जंगल बंदच आहे म्हणून सांगितलं. "मग मी टूसॉनलाच येऊ का चार दिवस? रजा घेतलीच आहे," असं तू म्हणालास. मी म्हणाले, या उन्हात पोरांना घेऊन कुठे येतोस, नोव्हेंबरच्या सुट्टीत ये निवांत. तू घरी आला असतास तर शेजारीपाजारी कुणीतरी तुझ्यासमोर बोललं असतं. म्हणून तुलाही थोपवलं. आई सप्टेंबरात गेली.

अजून एक आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या एल्विराबाई ट्राउट मासे घेऊन आल्या. जावयासोबत वर जाऊन आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात यंदा? काय हिरवंगार झालंय." मी ओट्याशी पाठ करून उभी होते, हातातला चाकू तसाच राहिला. मागून आईचा आवाज आला, अगदी साधा. "ओफे म्हणत होती चल म्हणून. मीच नको म्हटलं. आता नाही झेपत मला." एल्विराबाई गेल्या. मी मासे तळले. आईनं काटे काढून सावकाश खाल्ले. म्हणाली, "मीठ बेताचं पडलंय, छान झालेत." त्या दिवसापासून तिनं जंगलाचं नाव काढलं नाही. खिडकीशी बसायची, पण विचारायची नाही. मी तरी बोलायला हवं होतं. सबंध ऑगस्ट हाताशी होता, आणि केबिनही रिकामी असणार होती. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगू, उद्या नेऊ. सकाळी तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही, मग गोळ्या मोजत बसायचे.

दफनाच्या दिवशी तू मला सगळ्यांसमोर जवळ घेतलंस आणि म्हणालास, "देवानंच जंगल बंद केलं, नाहीतर वरच काहीतरी झालं असतं." मी मान हलवली. मामांनीही हलवली. आता घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते, आणि तुझी पोरंही तीच सांगतील.

तेही मी गिळलं असतं, कदाचित जन्मभर. पण रविवारी तू म्हणालास, "ओफे, यंदा तू काडीही उचलायची नाहीस. स्वयंपाक मी आणि दिना करू, तू नुसती बाहेर खुर्चीत बस. आईचं सगळं तू केलंस, मी शेवटचं भेटायलासुद्धा आलो नाही." वर्षभर तू हे ओझं वाहतोयस, हे मला तेव्हा कळलं. ते तुझं नाही, रामीरो. तू येत होतास. मी येऊ दिलं नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. फोनवर तू मध्येच "असू दे गं" म्हणाला असतास आणि मी सुटले असते. आईनं मला एकदा तसं सोडलंय, तू लगेच सोडू नकोस. केबिनवाल्या बाईंनी शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवली आहे. चावी तुझ्या नावानं ठेवायला सांगितलंय, त्यामुळे तुमचं जाणं माझ्यावाचून अडणार नाही. त्यांना फक्त माणसं किती ते कळवायचंय. तुम्ही पाच जण आहात. पाच सांगू की सहा, ते तू सांग.

तुझीच,
ओफेलिया