चालीतली थांबायची जागा

आप्पा, तुमच्या चालीतली ती थांबायची जागा कुठून आली, ते सापडलं! अक्षर वाकडं येतंय, पण आजच लिहायला हवं. सरलेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहित्ये. पाठवायचं नाही, म्हणजे पाकिटाचाही खर्च नाही.

सोमवारच्या भजनानंतर तुम्ही फिडलवर ती बिनशब्दांची चाल वाजवायचात. मध्येच गज उचलायचात, देऊळ गप्प व्हायचं, आणि मग चाल पुढे निघायची. पखवाजवाले काका दर वेळी ओरडायचे, "आप्पा, ताल सुटला!" तुम्ही हसून म्हणायचात, "सुटला नाही, थांबलाय." का थांबलाय, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तुमचे गुरू खाडीकाठचे. ते तिथे थांबायचे, म्हणून तुम्ही थांबायचात. मला अजून दिसतं. मी स्वयंपाकघरात नारळ खवत्ये, चाल गुणगुणत्ये, आणि ती जागा न थांबताच ओलांडत्ये. तुम्ही दारात उभे. "दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू आहे ती. आपल्या सोयीने कापायची नाही." एवढंच बोललात, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुमची फिडल आता पखवाजवाल्या काकांची सून वाजवते. पोरीचा हात गोड आहे. पण यंदाच्या उत्सवासाठी काकांनी तिला ती रिकामी जागा सुरांनी भरायला लावली. मी हटकलं, तर म्हणाले, "अगं, आप्पाची चूकच होती ती. माणूस गेला, आता चूक कशाला जपायची?" उत्सवात लोक मोबाईलवर घेणार, गावोगाव पाठवणार, आणि मग तीच चाल खरी ठरणार. तुमची कायमची पुसली जाणार. रोज दिवा लावताना हेच मनात यायचं.

परवा नणंदेकडे दाभोळला गेले होते. परतताना रिक्षा कशाला, म्हणून खाडीच्या पुळणीवरून चालत निघाले. पावसाळ्याआधी होड्या वर घ्यायचे दिवस. दहा-बारा जण दोराला लागलेले आणि पुढे एक म्हातारे चाचा गात होते. आप्पा, तुमची चाल! आवाज रांगडा, पण तीच! आणि नेमक्या त्या जागी सगळे एकदम गप्प. पाय वाळूत रुतले, दोर ताणला, होडी करकरत पुढे सरकली. मग पुन्हा गाणं.

मी चपला हातात घेऊन धावले. "चाचा, मध्येच थांबता कशाला?"

"थांबतंय कोण? ओढतो ना! गाण्यात दम घालवला तर होडी काय तुझा बाप ओढील?"

"माझे वडील हीच चाल देवळात वाजवायचे."

"मग तुमचा देव पण खलाशी होता की काय!" सगळे हसले, मलाही हसू आवरेना. मग चाचा म्हणाले, "तू म्हण बघू. आम्ही ओढतो."

आणि मी म्हटली, आप्पा! चारचौघांत कधी तोंड न उघडणारी मी, पदर खोचून, मोठ्याने. त्या जागी थांबले आणि एवढी मोठी होडी हलली! चाल खाडीवरून देवळात आली की देवळातून खाडीवर गेली, हे चाचांना ठाऊक नाही. त्यांचा आजाही अशीच म्हणायचा, एवढंच ते सांगतात.

आज संध्याकाळी तालमीला जाऊन सगळं सांगितलं. काका म्हणाले, "होडीचं गाणं देवापुढे?" मी म्हटलं, "होड्या तारणारा दुसरा कोण आहे?" सून म्हणाली, "पण काकू, माझा हात तिथे थांबतच नाही." मग मी देवळातल्या भांड्यांच्या पेटाऱ्याला दोर बांधला, सगळ्यांना ओढायला लावलं, तिला पहिली! चाल म्हणायची, दम धरायचा, ओढायचं. पेटारा सभामंडपाच्या टोकाला गेल्यावर तिच्या हाती फिडल दिली. ती जागा आली, गज आपसूक उचलला गेला. काकांचा हात पखवाजावर अधांतरी राहिला. देऊळ गप्प झालं, अगदी तुमच्या वेळचं. उत्सवात आता अशीच वाजणार, काका स्वतः म्हणाले.

मग घाम पुसत त्यांनी विचारलं, "आप्पाला हे होडीचं ठाऊक होतं?"

"होतं तर," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

देवळात खोटं बोलले, आप्पा. गाभाऱ्याकडे पाठ करून बोलले, एवढंच.