हात थांबवू नये

सोमवार, ३ तारीख
बासष्टाव्या वर्षी नोकरी लागली! हे म्हणाले, पिकल्या पानाला पालवी फुटली. फिजिओथेरपीचा दवाखाना छोटासा, पण लख्ख. तीन खाटा, तीन पडदे आणि अल्ट्रासाउंडचं मशीन. दुखऱ्या जागी गार जेल लावायचं आणि प्रोब, म्हणजे दांड्याला बसवलेली धातूची चकती, आठ मिनिटं गोल गोल फिरवायची. आवाज नाही, धक्का नाही, आतून नुसती ऊब. दवाखान्याच्या मॅडमनी तीनदा बजावलं, मावशी, हात थांबवायचा नाही. एका जागी राहिला तर आत भाजतं. म्हटलं, चाळीस वर्षं दूध ढवळलंय, कधी खाली लागू दिलं नाही.
ह्यांचा आखडलेला खांदाही इथेच बघू म्हणाल्या. जातीचा कारागीर शिंपी, पण वर्षभर स्वतःच्याच सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही. देव पावला.

गुरुवार, ६
चौदा जण झाले. मनगटाचं लाकूड झालंय. गुडघ्यासाठी येणारे निवृत्त पोस्टमन सांगत होते, आधीच्या बाई शेवटी शेवटी डोळे मिटूनच हात फिरवायच्या. त्या का गेल्या, असं मॅडमना विचारलं. दमल्या, म्हणाल्या. एवढंच.
मशीन पुसताना मागे त्या बाईंची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ‘मशीन बंद झालं तरी हात थांबवू नये.’ मॅडम हसल्या. म्हणाल्या, त्यांना सगळ्याचाच अतिरेक.

मंगळवार, ११
पोस्टमनच्या गुडघ्यात कातडीखाली लिंबाएवढी गाठ दिसली. माझ्या हातामागून फिरत होती. आठ मिनिटं संपली, प्रोब उचलला, तरी तिने एकटीने एक फेरा घेतला आणि आत बुडाली. ते मात्र खूश. म्हणाले, ताई, गुडघा इतका हलका झालाय की माझा वाटतच नाही. माझेच डोळे थकले असतील.
संध्याकाळी ह्यांना पहिला शेक दिला. घरी येऊन ह्यांनी आपला आपण सदरा चढवला! मी पदराने डोळे पुसले, तर म्हणाले, रडतेस काय, तुला कामाचा कोट शिवून देतो.

शनिवार, १५
पोस्टमन गेले. त्यांच्या मुलीचा फोन होता. गाठ गुडघ्यातून मांडीत, मांडीतून पोटात चढत गेली. छातीशी पोचली आणि संपलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.
ह्यांना काही सांगितलं नाही. हे झोपेत असताना खांद्यावरचा सदरा बाजूला करून पाहिलं.
आहे. लिंबाएवढी.

सोमवार, १७, दुपारचे दोन
ह्यांना खाटेवर निजवलंय. हात फिरवला की ती हातामागून येते. कालपर्यंत खांद्यातच निपचित होती, आज हात थांबला की बोटभर छातीकडे सरकते. खांद्यापासून छाती ती किती, वीतभर. मॅडमनी डोळ्यांनी पाहिलं, पांढऱ्या पडल्या. मशीन बंद केलं. तरी फिरतेच. मोठ्या इस्पितळाची गाडी आणायला त्या स्वतः धावल्या.
झोप येऊ नये म्हणून लिहितेय. डाव्या हाताने, उजव्यात प्रोब आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

साडेतीन
गाडी नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत हात बधिर. हे म्हणाले, पुरे आता, दमलीस, जरा टेक. म्हटलं, गप्प पडा.
त्या बाई दमल्या, म्हणजे काय ते आता —

साडेचार
गोल. गोल. डोळे मिटले तरी हात चालतो. सवय झालीय —
हे शांत झोपलेत —

पाच
बाहेर गाडी थांबल्यासारखी वाटते. आल्या वाटतं. सुटलो. आता कुठे अक्षरही बरं येतंय, रोजच्यासारखं वळणदार —
वळणदार —
पेन उजव्या हातात आहे.
प्रोब मांडीवर. त्यावरचं जेल वाळलंय. म्हणजे केव्हापासून मी —
ह्यांचा खांदा सपाट आहे. छातीवर, सदऱ्याचं दुसरं बटण, हळूहळू, गोल