अण्णांच्या खोपटातले राखेचे डबे

फरीदाबाद,
१२ मे १९८६

ती. सौ. पद्मजावन्सं यांस,
लतिकाचा शि. सा. न. वि. वि.

अण्णांच्या डोळ्याची पट्टी निघाली हे वाचून जीव भांड्यात पडला. चष्मा येईपर्यंत त्यांना वाचायला मनाई आहे आणि आमची पत्रं तुम्हीच त्यांना वाचून दाखवता, म्हणून एक विनंती. इथून पुढचा मजकूर त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. सरप्राइज आहे.

गुरुवारी संध्याकाळी इथे जोरदार आंधी आली आणि अण्णांच्या बागेतल्या खोपटाचं छप्पर उडालं. पत्रा थेट शेजारच्या कोहलींच्या अंगणात, उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवर. कोहलीबाईंनी अचार की कोई बात नहीं असं दहा वेळा सांगितलं, म्हणजे बात होतीच. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून कैऱ्या आणून त्यांना दिल्या.

तुमचे भाऊराय आधी म्हणाले की पत्रा पुन्हा ठोकू. पण आत जाऊन पाहिलं तर निम्म्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या. तेव्हा अण्णा यायच्या आत नवीनच उभं करायचं ठरलं. मग आमच्या घरी तीन दिवस शेड या विषयावर परिसंवाद. लाकूड नको, पुन्हा वाळवी. नुसता पत्रा नको, मे महिन्यात आत भाकरी भाजता येईल. शेवटी लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती आणि वर सिमेंटची शीट असं ठरलं. जमिनीपासून हातभर उंच विटांचा चौथरा, म्हणजे पावसाचं पाणी शिरायला नको. दार मी पूर्वेला करायला लावलं. पश्चिमेला केलं असतं तर उन्हाळ्यातली तापल्या वाऱ्याची लू सरळ आत. ह्यांनी बिल्कुल ठीक म्हणून मान डोलावली, तेवढ्यानंच मी खूश.

काल रविवारी दोघांनी मिळून जुनं खोपटं रिकामं केलं. अण्णांची खुरपी, कुदळ, झारी सगळं घासून तेल लावून ठेवलं आहे, अगदी खंडेनवमीला ते ठेवतात तसं. बाकी काय काय निघालं म्हणून सांगू! मोडक्या कुंड्या, दोऱ्यांची गुंडाळी, आणि डालड्याच्या चार डब्यांत चक्क राख. झाकणं फडक्यानं घट्ट बांधलेली. आता फरीदाबादेत राखेनं भांडी कोण घासतं? मी राख अंगणातल्या कचऱ्याच्या ढिगावर उलटी केली आणि डबे धुऊन खिळ्यांसाठी ठेवले. एवढा मोठा माणूस, पण राख जपून ठेवतो, याचं दोघांना फार हसू आलं.

अण्णांना नमस्कार. लोभ आहेच, या कारस्थानात सामील होऊन तो दाखवावा.

तुमची,
लतिका

पुणे,
१८ मे १९८६

चि. सौ. लतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवताना लोणच्याच्या बरणीच्या आधीच थांबले ते बरं झालं. पुढचं एकटीनं दोनदा वाचलं.

अगं, ती राख भांड्यांसाठी नव्हती. त्या राखेत पावट्याचं बियाणं होतं. माई लग्नानंतर दिल्लीला आली तेव्हा माहेरहून पदराच्या गाठीला बांधून आणलेलं बी. कीड लागू नये म्हणून ते राखेत घालून ठेवतात. आषाढ लागला की पेरायचं, थंडीत शेंगा खायच्या, आणि वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा बियाण्याला राखून ठेवायच्या. चाळीसेक वर्षं, आधी सरकारी क्वार्टरच्या मागे आणि मग तुमच्या या बागेत, तिनं एकदाही खंड पडू दिला नाही. तिला जाऊन येत्या ज्येष्ठात तीन वर्षं होतील. तेव्हापासून अण्णा ते सांभाळतात.

तुला हे कसं ठाऊक नाही असं मनात आलं, आणि मग माझी मलाच लाज वाटली. तू करोल बागेत वाढलेली, लग्न झाल्यापासून सकाळी साडेसातची बस धरून ऑफिसला जाणारी. तुला कोण सांगणार? माईनं सांगायला हवं होतं, नाहीतर मी. पण लतिका, डबा उलटा करताना आत काही खडखडलं कसं नाही गं?

अण्णा रोज सकाळी चहाबरोबर दिवस मोजतात. वीस जूनला परत जायचं म्हणतात, म्हणजे वाफे वेळेवर करता येतील. मी त्यांना काहीही बोललेले नाही. तू आधी तो ढीग चाळून बघ.

सूर्यकांतला आशीर्वाद. रागावले आहे, पण लोभ त्याच्या आड येऊ देणार नाही.

तुझी,
पद्मजा

फरीदाबाद,
२५ मे १९८६

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

खडखडलं होतं. मला वाटलं कोळशाचे खडे असतील. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

तुमचं पत्र हातात घेऊन तशीच अंगणात धावले, तर ढीग नाही. मिस्त्रीनं चौथऱ्यात भर घालायला विटांचे तुकडे, माती आणि तो सगळा ढीग ओढून घेतला होता, आणि वर सिमेंटची फरशी करून तो मोकळा. वन्सं, माईंचं बियाणं अण्णांच्या नव्या शेडच्या पोटात गाडलं आहे आणि त्यावर मी स्वतः रोज संध्याकाळी पाणी मारते, सिमेंटला तडे जाऊ नयेत म्हणून!

ढीग होता त्या जागची माती पिठाच्या चाळणीनं चाळली. सात दाणे मिळाले. ओल्या फडक्यात चार दिवस बांधून ठेवले. एकालाही मोड आला नाही. दाबून पाहिले तर पोकळ, भुंग्यानं खाल्लेले. ते वाटीत घालून देवाजवळ ठेवले आहेत. टाकवत नाहीत.

हे फरशी फोडायला निघाले होते. मी थांबवलं, कारण त्या भरावात आता काय सापडणार? मग ह्यांनी दुसरा मार्ग काढला. बाजारात सेमचं बी मिळतं, दिसायला थेट पावट्यासारखं. डब्यांत राख भरून त्यात ते घालू, अण्णांना कळणारसुद्धा नाही. मी नको म्हणाले. आणि वन्सं, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मीच कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून पिशवीभर राख मागून आणली. एक डबा भरलासुद्धा. झाकणाला फडकं बांधायला घेतलं, आणि डबा तसाच ठेवून आत आले. ज्या माणसानं मला पंधरा वर्षांत एकदाही उलट शब्द ऐकवला नाही, त्याच्या अधू डोळ्यांचा फायदा घ्यायला मी निघाले होते.

आता एकच आशा आहे. माई तुम्हाला दरवर्षी पुरचुंडी पाठवायच्या. तुमच्या गच्चीवर वेल तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्याचं तुम्ही अण्णांना लिहिलं होतं, ते पत्र त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं होतं. मूठभर बी पाठवा. मूठभर नसेल तर चार दाणे पाठवा. मी ते अण्णांच्या हातात ठेवीन, आणि काय केलं ते खरं खरं सांगेन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुमची अपराधी,
लतिका

पुणे,
३१ मे १९८६

चि. लतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

चार दाणेही नाहीत.

माझ्या गच्चीवर पावटा दोन वर्षं लागला. पुढे मुलांच्या शाळा, पाण्याची टंचाई, आणि खरं कारण म्हणजे आळस. माई पुरचुंड्या पाठवत राहिली आणि मी त्या फडताळात ठेवत राहिले. वेल तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला हे मी नुसतं लिहिलं. अण्णांना बरं वाटेल म्हणून लिहिलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

जुन्यांना कीड लागली आणि त्या मी फेकल्या. शेवटची पुरचुंडी माई गेली त्या वर्षीची. तिचे दिवस करून मी पुण्याला परत आले, कुलूप काढलं, आणि फडताळात ती दिसली. कुणी घरात नव्हतं. मी ते बियाणं भिजत घातलं, सोललं आणि उसळ केली. गूळ, आमसूल, सगळं तिच्यासारखं घातलं, आणि ताटावर बसून रडत रडत सगळी उसळ संपवली. तिच्या हातचं काहीतरी पाहिजे होतं गं, दुसरं काही नाही. बी आहे, पेरायचं आहे, हे मनात आलंच नाही. आलं तेव्हा कढई घासून झाली होती.

तेव्हा तू नकळत ओतलंस आणि मी कळून सवरून खाल्लं. मागच्या पत्रात तुला बोलले ते सगळं परत घेते.

अण्णांना सांगायलाच हवं, पण पत्रातून नको. ते मलाच मोठ्यानं वाचावं लागेल आणि मला ते जमणार नाही. हल्ली तुझं पत्र वाचताना मी निम्मं गाळते, मध्येच पाणी प्यायला उठते. ते काही विचारत नाहीत. दोन-चार दिवसांत चष्मा येईल. त्याआधी ही पत्रं पिठाच्या डब्यामागे लपवते. ते तिथे आले की तू सांग, आणि माझंही सांग.

लोभ दोघींनी एकमेकींना पुरवून वापरू.

तुझी,
पद्मजा

पुणे,
९ जून १९८६

चि. सूर्यकांत व चि. सौ. लतिका यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा चष्मा आला. अक्षरं इतकी काळी असतात हे विसरूनच गेलो होतो. पद्मजाला तुमची पत्रं मागितली तर हरवली म्हणाली. ती लहानपणापासून वस्तू पिठाच्या डब्यामागे लपवते. काल ती भाजीला गेली तेव्हा मी काढून सगळी वाचली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला ठाऊक आहे. पद्मजा परत आल्यावर तिनंही तिच्या उसळीचं स्वतःच सांगितलं. लतिका आणि पद्मजा, दोघींनी आपापलं सांगून टाकलं आहे, तेव्हा आता माझं ऐका.

त्या डब्यांत माईचं बियाणं नव्हतं.

ती गेली त्या वर्षी मी काहीच पेरलं नाही. दर फाल्गुनात बियाण्याला ऊन द्यायचं आणि राख बदलायची, हे काम तिचं. मी वाफे करणारा आणि मांडव घालणारा. चाळीस वर्षं शेजारी उभा राहून पाहिलं, पण ती नसताना ते करायला हवं हे मला सुचलंच नाही. पुढच्या आषाढात डबे उघडले तर भुंग्यानं सगळं पोखरलेलं. तरी पेरलं. एक कोंब वर आला नाही.

तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की मी वाफ्याशी जाऊन बसायचो. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. मग एक दिवस बसनं दिल्लीला गेलो आणि बियाण्याच्या दुकानातून सेमचं बी आणून पेरलं. थंडीत त्या शेंगांची उसळ खाऊन सूर्यकांत म्हणाला की अगदी माईच्या वेळची चव. तू मान डोलावलीस. मी खाली मान घालून जेवलो. पुढच्या वर्षीही तेच. लतिका, तू राख तंदूरवाल्याकडून आणलीस, मी चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून आणली होती. झाकणाला फडकं मी बांधून मोकळा झालो. तू डबा तसाच ठेवून आत गेलीस, एवढा आपल्यातला फरक.

तेव्हा फरशीखाली गाडलं आहे ते दुकानातलं बी. ते फोडू नका. चौथरा उंच केलात आणि दार पूर्वेला केलंत, ते मला पंधरा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. फक्त छताखाली वीतभर जाळी ठेवा, गरम हवा बाहेर जायला, आणि बिजागऱ्यांना पावसाआधी तेल द्या. कुदळ जमिनीवर ठेवू नका, टांगा.

देवाजवळ ठेवलेले सात पोकळ दाणे मात्र तिचे आहेत. सगळ्यात लहान डब्याच्या तळाशी ते मी ठेवले होते, पोकळ तेवढेच होते. पेरून उपयोग नव्हता आणि टाकवत नव्हते. तुलाही टाकवले नाहीत, हे वाचून नवा चष्मा काढून पुसावा लागला.

पद्मजा अजून डोळे पुसते आहे. तिला सांगितलं की तुझ्या आईच्या बियाण्यातला शेवटचा धड दाणा तिच्या लेकीच्या पोटात गेला, याहून बरी जागा मला सापडली नसती. मी तर भुंग्याला घातलं.

वीस तारखेला पोचतो. येताना दुकानातलं बी आणतो आणि ते दुकानातलं म्हणूनच पेरू. पहिल्या शेंगा राखून ठेवायच्या. फाल्गुनात ऊन कसं द्यायचं ते आठवेल तसं तुला सांगेन, चुकलं तर चुकलं. तंदूरवाल्याची ती राख टाकू नकोस. कमी पडली तर आपण दोघं मिळून इस्त्रीवाल्याकडे जाऊ.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा पुरेल.

तुमचा,
अण्णा